हाक आणि ओ : थायरॉइडचा रिपोर्ट कसा वाचावा?

तुमच्या घरात नाहीतर शेजारी, सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी एक इवलीशी गोळी घेणारे कोणी ना कोणी असेलच. बहुधा आई, मावशी किंवा आजी; क्वचित काका. शंभर गोळ्यांची ती छोटी बाटली असते. तिच्यावर २५, ५० किंवा १०० असा आकडा आणि पुढे 'मायक्रोग्रॅम' असे लिहिलेले असते. 'मला थायरॉइड आहे,' असे ही मंडळी सांगतात. खरे म्हणजे थायरॉइड तुम्हाआम्हा सर्वांनाच असते! ते एका ग्रंथीचे नाव आहे, रोगाचे नव्हे. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात.

आता असे समजा की तुमची मावशी ४२ वर्षांची आहे. अलीकडे तिला थकवा वाटतो, म्हणून तिने रक्त तपासून घेतले. रिपोर्टवर दोन ओळी आहेत. पहिली : टीएसएच ६.८, आणि शेजारी 'नॉर्मल ०.४ ते ४.०'. दुसरी : मुक्त टी-४ १.१, आणि शेजारी 'नॉर्मल ०.८ ते १.८'. पहिला आकडा ठळक छापला आहे आणि त्याच्यापुढे वर जाणारा बाण आहे. शेजारच्या काकू म्हणतात, 'लगेच गोळी सुरू कर.' आत्या म्हणते, 'एकदा सुरू केलीस की जन्मभर सुटणार नाही, मुळीच घेऊ नकोस.' मावशी रिपोर्ट तुमच्या हातात देऊन विचारते, 'तू सायन्सचा ना? सांग बरे, यात काय लिहिले आहे?'

काय सांगाल? औषध द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे डॉक्टरांनी मावशीशी बोलून ठरवायचे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. परंतु एखादा आकडा कसा मोजला, त्यावर कितपत भरवसा ठेवावा आणि तो का बदलतो, हे प्रश्न मापनाचे आहेत, आणि मापन हा तर आपला विषय. तेव्हा या दोन ओळींचा अर्थ आपण शोधू या.

गळ्यातील फुलपाखरू

अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. मोठ्या माणसात वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. ही ग्रंथी रक्तातील आयोडीन वेचून घेते आणि त्यापासून दोन संप्रेरके बनवते. ज्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात ते टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन. ज्याच्या रेणूत तीन असतात ते टी-३. ग्रंथीतून बाहेर पडते ते बहुतांशी टी-४. यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत त्याचा एक आयोडीन अणू काढला जातो आणि टी-३ तयार होते. पेशींत प्रत्यक्ष काम करते ते मुख्यतः टी-३. टी-४ हा जणू साठवणीचा माल.

शरीराची शेगडी किती मोठी ठेवायची, हे या संप्रेरकांवर ठरते. ती कमी पडली की चयापचय मंदावतो. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, नाडी संथ होते, मरगळ येते. ती जास्त झाली तर सारे उलट : छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, खाऊनही वजन उतरते.

टी-४ कमी पडल्याने आजारी असलेल्या माणसाला ते बाहेरून देता येते, हे १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने दाखवले. त्याने ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. काही महिन्यांतच तिच्यात मोठी सुधारणा झाली. ती पुढे २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आजच्या गोळीत हाच रेणू असतो. मेंढ्या सुटल्या!

हाक आणि ओ

आता टीएसएचकडे वळू. मोठी गमतीची गोष्ट अशी, की टीएसएच हे अवटू ग्रंथीत तयार होतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी लटकलेली असते. तिला इंग्रजीत पिट्युइटरी म्हणतात. टीएसएच तेथून येते. 'अवटू ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे आहेत.

जेवायची वेळ झाली की आई मुलाला हाक मारते. मुलाने 'ओ' दिली की आई गप्प बसते. ओ आली नाही तर ती आवाज चढवते. तरीही उत्तर नाही, तर आणखी चढवते. टीएसएच ही पोष ग्रंथीची हाक आहे आणि टी-४ ही अवटू ग्रंथीची ओ. रक्तात टी-४ पुरेसे असेल तर हाक हळू असते. टी-४ कमी झाले की हाक मोठी होते. टी-४ जास्त झाले की हाक जवळजवळ बंद होते.

भौतिकशास्त्रात याला ऋण प्रतिभरण म्हणतात. गच्चीवरच्या टाकीतील तरंगता गोळा तुम्ही पाहिला असेल. पाणी खाली गेले की गोळा उतरतो व झडप उघडते. पाणी वर आले की झडप मिटते. इस्त्रीतील थर्मोस्टॅट तापमान राखतो तेही याच तत्त्वावर.

यावरून पहिली महत्त्वाची गोष्ट लक्षात येईल. टीएसएच वाढलेले असणे म्हणजे अवटू ग्रंथी जास्त काम करते असे नव्हे. ती कमी पडते आहे, म्हणून तिला ओरडून सांगावे लागते आहे. 'माझा थायरॉइड वाढला,' असे म्हणणारी व्यक्ती बहुधा टीएसएच वाढल्याचे सांगत असते, आणि ग्रंथीची परिस्थिती नेमकी उलट असते.

दहा टक्के आणि दुप्पट

मग सरळ टी-४ च का मोजू नये? हाक कशाला ऐकायची? याचे उत्तर आलेखात आहे. टी-४ आणि टीएसएच यांचे नाते सरळ रेषेचे नाही. तुम्ही लॉगरिथम शिकला असाल. टीएसएचचा लॉग घेतला तर नाते बरेचसे सुबक दिसते. ढोबळ मानाने, मुक्त टी-४ निम्मे झाले तर टीएसएच दुप्पट नव्हे, शंभरपट होते!

हेच गणित पुढे नेले, तर टी-४ केवळ दहा टक्क्यांनी घटले की टीएसएच सुमारे दुप्पट होते असे निघते. म्हणजे मुक्त टी-४ जर १.२ वरून १.१ च्या खाली आले, तर टी-४ च्या ओळीत कोणालाही काही वावगे दिसणार नाही. परंतु टीएसएचच्या ओळीत २ चे ४ झालेले दिसेल. निसर्गाने शरीरातच एक प्रवर्धक बसवून ठेवला आहे म्हणा ना. म्हणून डॉक्टर प्रथम टीएसएच पाहतात.

परंतु प्रवर्धक जसा लहान आवाज मोठा करतो, तशी लहानशी खरखरही मोठी करतो. टीएसएचचा आकडा संवेदनशील आहे, तसाच चंचलही आहे. रात्री उशिरा व पहाटे तो जास्त असतो, दुपारी सर्वांत कमी. निरोगी माणसाच्या टीएसएचमध्येही एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत ४० ते ५० टक्क्यांचा फरक पडू शकतो. एखाद्या मोठ्या आजारातून उठताना तो काही दिवस वाढतो आणि मग आपोआप खाली येतो. तेव्हा ३.९ म्हणजे 'पास' आणि ४.३ म्हणजे 'नापास' असे समजणे चूक आहे. त्या दोन आकड्यांत मापनाच्या दृष्टीने काही फरकच नाही.

चमचाभर मीठ आणि तलाव

आता ही मोजणी किती नाजूक आहे ते पाहा. रक्तातील टी-४ चा फार मोठा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. मोकळा, म्हणजे पेशींच्या उपयोगी पडणारा भाग हजारात तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, ०.०३ टक्क्यांच्या आसपास असतो. यालाच रिपोर्टमध्ये 'फ्री टी-४' म्हणतात. एक लिटर रक्तद्रवात तो साधारण १३ नॅनोग्रॅम असतो, म्हणजे ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील १३. तितक्याच विरलतेचे मिठाचे पाणी करायचे तर ५ ग्रॅमचा एक चमचा मीठ सुमारे ३८ कोटी लिटर पाण्यात टाकावे लागेल. ४०० मीटर लांब, ३२० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तलावात एवढे पाणी मावते. त्या तलावात चमचाभर मीठ आहे की दीड चमचा, हे ओळखायचे!

हा चमत्कार शक्य केला एका भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीने. रोझलिन यॅलो यांनी १९४५ मध्ये अणुकेंद्रीय भौतिकीत डॉक्टरेट मिळवली. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात सॉलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर काम करताना त्यांनी १९५० च्या दशकात एक युक्ती शोधली. प्रथम ती इन्शुलिनसाठी वापरली.

युक्ती अशी. एका एसटी बसमध्ये ४० आसने आहेत. स्थानकावर लाल टोपी घातलेले ८० उतारू आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यात बिनटोपीचे काही उतारू मिसळले, पण किती ते ठाऊक नाही. सर्वांना बसमध्ये चढण्याची सारखीच संधी आहे. बस भरल्यावर आत डोकावून फक्त लाल टोप्या मोजा. २० निघाल्या, तर निम्म्या आसनांवर लाल टोप्या आहेत; म्हणजे स्थानकावरही निम्मे लोक लाल टोपीचे होते; म्हणून बिनटोपीचेही ८० च होते. बिनटोपीच्या एकाही माणसाला न मोजता त्यांची संख्या कळली!

येथे आसने म्हणजे प्रतिपिंड, लाल टोपीचे उतारू म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेले संप्रेरक, आणि बिनटोपीचे म्हणजे रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक. किरणोत्सर्ग मोजला की काम झाले. यॅलो आणि बर्सन यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षीचे उरलेले अर्धे पारितोषिक रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना विभागून मिळाले. मेंदूतील हायपोथॅलॅमस पोष ग्रंथीला 'आता हाक मार' असे ज्या संप्रेरकाने सांगतो, त्याची रचना या दोघांनी शोधली होती. हाक मारायला लावणाऱ्याचा शोध आणि हाक मोजण्याची युक्ती यांचा गौरव एकाच वर्षी झाला!

आज प्रयोगशाळांत किरणोत्सर्गी खुणेऐवजी बहुधा प्रकाश देणारी रासायनिक खूण वापरतात. टीएसएचचा रेणू दोन प्रतिपिंडांच्या मध्ये सँडविचसारखा पकडतात आणि निघालेला प्रकाश मोजतात. एक सावधगिरी मात्र हवी. काही यंत्रांत बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाचा पकडीसाठी उपयोग केलेला असतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीचे टीएसएच अशा यंत्रावर खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसू शकते. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. साधारणतः दोन दिवस आधी त्या थांबवायला सांगतात.

एककांकडेही लक्ष असू द्या. टीएसएचसाठी 'मिलियुनिट प्रति लिटर' आणि 'मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर' ही दोन्ही एकके एकच आहेत. मुक्त टी-४ चे मात्र तसे नाही. 'नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर'मधील १.१ हाच आकडा 'पिकोमोल प्रति लिटर'मध्ये सुमारे १४ होतो. दुसऱ्या प्रयोगशाळेचा १४ पाहून 'एकदम तेरापट वाढले!' म्हणून घाबरलेली माणसे आढळतात.

'नॉर्मल' कसे ठरते?

रिपोर्टवरील '०.४ ते ४.०' ही मर्यादा आली कोठून? बऱ्याच निरोगी माणसांचे रक्त तपासतात, आकडे चढत्या क्रमाने मांडतात, खालचे अडीच टक्के व वरचे अडीच टक्के सोडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे व्याख्येनेच शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण या मर्यादेच्या बाहेर पडणार! बाण दिसला म्हणजे रोग झाला, असे नव्हे.

आजकाल एकाच वेळी पुष्कळ तपासण्या करून घेण्याची पद्धत आहे. समजा, एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या. वीसच्या वीस नॉर्मल येण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. शंभर निरोगी माणसांपैकी चौसष्ट जणांच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे बाण उमटणारच.

शिवाय मर्यादा सर्वांना एकच नसते. वयाबरोबर टीएसएच थोडे वाढते; ऐंशी वर्षांवरील निरोगी व्यक्तींत ते ७ च्या आसपासही आढळते. लहान मुलांच्या मर्यादा निराळ्या असतात आणि गरोदर स्त्रियांच्या आणखी निराळ्या.

चार प्रकारचे रिपोर्ट

आता दोन्ही ओळी एकत्र वाचू.

पहिला प्रकार : टीएसएच जास्त, टी-४ कमी. हाक मोठी, ओ क्षीण. ग्रंथी खरोखर कमी पडली आहे. येथे फारसा वाद नाही, औषध लागते.

दुसरा प्रकार : टीएसएच कमी, टी-४ जास्त. हाक जवळजवळ बंद, तरी ओ चालूच. ग्रंथी बेताल झाली आहे, किंवा गोळीची मात्रा जास्त होते आहे.

तिसरा प्रकार : टी-४ कमी, आणि तरीही टीएसएच वाढलेले नाही. येथे दोष हाक मारणाऱ्यात, म्हणजे पोष ग्रंथीत असू शकतो. गंभीर आजारातही असे आकडे येतात. नुसते टीएसएच पाहून 'नॉर्मल आहे' म्हणणारा येथे फसेल.

चौथा प्रकार : टीएसएच थोडे जास्त, टी-४ नॉर्मल. हाक चढलेली, पण ओ व्यवस्थित येते आहे. तुमच्या मावशीचा रिपोर्ट या प्रकारचा, आणि खरा विचार करावा लागतो तो इथेच.

गोळी सुरू करायची का?

पहिली पायरी : पुन्हा मोजा. प्रयोगशाळेत आपण एकच वाचन घेऊन निष्कर्ष काढत नाही. दोन-तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, शक्यतो सकाळच्या त्याच वेळी रक्त द्यावे. थोडे वाढलेले टीएसएच कित्येकांच्या बाबतीत काही न करताच खाली येते.

दुसरी पायरी : आकडा किती मोठा? टीएसएच पुन्हा १० च्या वर आले, तर टी-४ नॉर्मल असले तरी डॉक्टर बहुधा औषध सुरू करतात. ४ ते १० च्या पट्ट्यात मात्र इतर गोष्टी पाहाव्या लागतात.

तिसरी पायरी : कारण काय? आपल्याकडे एके काळी आयोडीनची कमतरता हे मोठे कारण होते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दिसले. त्या पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनयुक्त मीठ मिळणाऱ्या भागांत आता मुख्य कारण निराळे आहे : शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर उलटते. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. रक्तातील टीपीओ प्रतिपिंडे मोजली की तो कळतो. या विकारात जादा मीठ किंवा आयोडीन खाऊन उपयोग नाही. अति आयोडीनने अपायच होतो.

ही प्रतिपिंडे असली तर पुढे काय होते? इंग्लंडच्या ईशान्येकडील व्हिकम भागात १९७२ ते १९७४ या काळात सामान्य लोकांची तपासणी झाली आणि वीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासले. ज्या स्त्रियांचे टीएसएच वाढलेले होते आणि प्रतिपिंडेही होती, त्यांपैकी शंभरात सुमारे ५५ जणींची ग्रंथी वीस वर्षांत खरोखर कमी पडली. नुसते टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३३ होते. धोका खरा आहे. परंतु तो हळूहळू येतो, आणि दरवर्षी तपासणी केली तर वेळीच दिसतो.

चौथी पायरी : वय. पासष्ट वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांचे टीएसएच किंचित वाढलेले होते, सरासरी साधारण ६.४. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी. कोणाला कोणती, हे त्यांना माहीत नव्हते. वर्षाने खऱ्या गोळीवाल्यांचे टीएसएच सुमारे ३.६ झाले. परंतु थकवा व इतर तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या! आकडा सुधारला, माणसाला फरक जाणवला नाही. आणखी एक गंमत पाहा : औषधहीन गोळीवाल्यांचे टीएसएचही सुमारे ५.५ पर्यंत उतरले होते. वृद्धांत मात्रा थोडी जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे असे धोके असतात. म्हणून आजीच्या ६.५ ला डॉक्टरांनी 'नुसते लक्ष ठेवू' म्हटले, तर ती हयगय नव्हे.

पाचवी पायरी : गरोदरपण. येथे न्याय अगदी उलटा. पहिल्या महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर अवलंबून असते. स्त्री गरोदर असेल किंवा त्या विचारात असेल, तर तिने दोन-तीन महिने वाट पाहत बसू नये; ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. आधीच गोळी चालू असेल तर या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते, बंद तर मुळीच करायची नसते. नवजात बालकांची तपासणी याच कारणाने मोलाची आहे. हजार-बाराशे बालकांत एखाद्याची ग्रंथी जन्मतः अपुरी असते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने ते कळते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मुलाची बुद्धी वाचते.

शेवटची पायरी : तक्रारी. थकवा तर रक्त कमी असल्यानेही येतो, झोप अपुरी पडल्यानेही येतो. म्हणून मावशीचे हिमोग्लोबिनही पाहायला हवे. तक्रारींसाठी गोळी सुरू केलीच, तर टीएसएच नॉर्मल होऊन तीन-चार महिने लोटल्यावर विचारावे, 'खरेच बरे वाटते का?' नसेल, तर गोळी चालू ठेवावी की नाही, याचा डॉक्टरांबरोबर पुन्हा विचार करता येतो. 'एकदा सुरू केली की सुटतच नाही,' हे आत्याचे म्हणणे या चौथ्या प्रकाराला सरसकट लागू नाही. ग्रंथीच निकामी झाली असेल तर मात्र गोळी जन्मभराची. तेथेही आपण नैसर्गिक संप्रेरकाचीच उणीव भरून काढत असतो.

सहा आठवडे कशासाठी?

गोळी सुरू केल्यावर डॉक्टर 'सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा' असे सांगतात. हा आकडा कोठून आला? टी-४ चे शरीरातील अर्धायुष्य सुमारे ७ दिवस आहे. किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे गणित तुम्हाला ठाऊक आहे. तेच येथे लावा. रोज ठरावीक मात्रा घेतली, तर ७ दिवसांनी पातळी अंतिम स्थिर पातळीच्या १/२ होते, १४ दिवसांनी ३/४, २१ दिवसांनी ७/८, २८ दिवसांनी १५/१६ आणि ४२ दिवसांनी ६३/६४. म्हणजे सहा आठवड्यांत पाणी टाकीत पूर्ण चढते. पोष ग्रंथीलाही आपला आवाज बेताचा करायला थोडा वेळ लागतो. पंधरा दिवसांतच रक्त तपासून 'गोळी लागू पडत नाही' म्हणणे म्हणजे नळ सोडल्याबरोबर टाकी भरली नाही म्हणून रागावणे होय.

एखादा दिवस गोळी चुकली तर? एका दिवसात पातळी सुमारे ९ टक्क्यांनीच उतरते. घाबरण्याचे कारण नाही. पण रोजच चुकू लागली तर प्रवर्धक आपले काम करील. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी व न्याहारी अर्ध्या ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर असावे, कारण त्या हिला आतड्यातच अडवतात.

रिपोर्ट चांगला आला, मग बंद?

आमच्या कॉलेजातील एका गृहस्थांचे टीएसएच निदानाच्या वेळी ३८ होते. गोळीने ते २.५ वर आले. 'बरा झालो' म्हणून त्यांनी गोळी सोडली. आठवड्याने काही बिघडले नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. तीन महिन्यांनी मात्र जिना चढणे कठीण झाले. असे का घडले, ते आता तुम्ही सांगू शकाल. अडीच हा आकडा ग्रंथी सुधारल्याचा नव्हता, गोळी पुरी पडत असल्याचा होता. आणि पहिल्या आठवड्यात काही जाणवले नाही, कारण गोळीतून साठलेले निम्मे टी-४ अजून अंगात होते. चष्मा लावल्यावर फळ्यावरचे नीट दिसू लागले म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही!

मग मावशीला काय सांगाल? इतकेच, की टी-४ अजून नॉर्मल आहे, घाबरू नकोस. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करून घे, डॉक्टरांना विचारून त्याबरोबर टीपीओ प्रतिपिंडे आणि हिमोग्लोबिन पाहा. आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे जा. आकडा ३.५ आला तर काही करायला नको. ७ आला आणि प्रतिपिंडे निघाली, तर लहान मात्रा घेऊन पाहायची की वर्षभर लक्ष ठेवायचे, हे दोघांनी बोलून ठरवावे. १२ आला तर गोळीला भिऊ नये. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावून देण्याचे काम तुम्ही करा. एका आकड्यापेक्षा आकड्यांची रांग पुष्कळ जास्त सांगते.

सोडवून पाहा

१. लेखातील बसमध्ये ४० आसनांवर १६ लाल टोप्या दिसल्या. लाल टोपीचे उतारू एकूण ८० होते. बिनटोपीचे किती?

२. गोळी पूर्ण बंद केल्यावर तीन आठवड्यांनी गोळीतून आलेल्या टी-४ चा कितवा हिस्सा शरीरात उरेल?

३. निरोगी माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या १० तपासण्या केल्या. सर्व नॉर्मल येण्याची संभाव्यता किती?

उत्तरे : (१) १२० (२) १/८ (३) सुमारे ०.६०